रामाचा डावा हात

मथूने डावा हात मांडीखाली दाबून धरला, तरी हात चुळबुळतच राहिला. शाळेची पाटी पुन्हा त्याच हाताने लिहिली म्हणून अप्पांनी छडी उगारली होती.

“रामानंसुद्धा डाव्याच हातानं बाण ओढला. काल कल्याणात, जादूच्या कंदिलाच्या खेळात बघितलं मी. पडद्यावर चित्रातला राम खरंच हलतो, अप्पा,” ती म्हणाली.

“खोटं. उजव्या हातानं ओढला,” थोरला विसू म्हणाला. “मीही होतो तिथं.”

अप्पांनी आईकडे पाहिलं. “तू हिच्याजवळच बसली होतीस ना?”

“डाव्याच हातानं,” आई म्हणाली.

अप्पांनी छडी खाली ठेवली.

बायकांना पडद्याच्या मागे बसवलं होतं आणि तिथून उजव्याचं डावं दिसत होतं. कुठून पाहिलं, हे अप्पांनी विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही.