नारळाच्या अलीकडे

वळ गावच्या हितेशशेठनं आपल्या जुन्या, हलक्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये माझ्याकडून दुप्पट मोठं इंजिन बसवून घेतलं. ब्रेकही मोठे लागतील, असं मी चार वेळा बजावलं. “तुळशीरामदादा, गाडी पळवायला घेतलीय, थांबवायला न्हाय,” असं म्हणत तो दात काढायचा. आज गाडी न्यायला तो बायकोसह पडघ्याला माझ्या गॅरेजवर आला. इथूनच दोघं वज्रेश्वरीच्या दर्शनाला निघणार होते. मृणालीवहिनींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि फोडायला नारळ उचलला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तो नारळ मी त्यांच्या हातातून घेतला आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. त्याच्या अलीकडे वीस पावलांवर चुन्याची रेघ मारली. “जोरात ये,” मी ओरडलो. शेठ म्हणायचंही भान राहिलं नव्हतं. “रेघेवर ब्रेक मार. नारळाच्या अलीकडे थांबली, तर खुशाल घेऊन जा.” लिंबं चिरडत गाडी सुटली. रेघेवर त्यानं ब्रेक दाबला, तरी नारळाचा चुरा करूनच ती भिंतीच्या हातभर अलीकडे थांबली. “फुटला की नारळ!” हितेश हसला. “झाली पूजा. मृणाली, चल, बस.” वहिनी पुढच्या चाकापाशी वाकल्या. टायरला चिकटलेली नारळाची शेंडी त्यांनी बोटांनी सोडवली. मग गाडीची चावी काढून माझ्या हातात दिली. “दादा, आधी ब्रेक बदला,” त्या म्हणाल्या. “वज्रेश्वरीला मी एसटीनं चालले.”