जोडाखालचे फुटवे

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सासऱ्यांनी फिंगर लाइमचं झाड कापलं. सून पाण्याची नळी ओढत आली तेव्हा ते चाकू पुसत होते.

झाड त्यांच्या मुलाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. बोटाएवढं लांबट लिंबू, आत मोत्यांसारखे आंबट दाणे. इथल्या दमट हवेत ते टिकणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. त्याने रानलिंबाच्या पाच खुंटांवर, म्हणजे मुळं धरलेल्या जंगली रोपांवर, त्याचे डोळे, सालीसकट काढलेले अंकुर, भरले. चार रोपं मुळं कुजून गेली. पाचव्यासाठी त्याने विटांचे तुकडे घालून उंचवटा केला. वडील कलमाचा जोड बघून एवढंच म्हणाले, "हात बसलेला नाही तुझा अजून." चाळीस वर्षं रोपवाटिका चालवलेला माणूस. कौतुक म्हणजे त्यांच्या लेखी जास्त झालेलं खत.

मुलगा गेला त्याला दोन वर्षं झाली. झाडाला याच आठवड्यात पहिल्या कळ्या आल्या होत्या.

जोडाखालून फुटतं ते खुंटाचं, ते काढायचं, वरचं राखायचं. रोपवाटिकेत हे शेंबडं पोरही जाणतं. सासऱ्यांनी वरचं काढलं होतं. रानलिंबाचे दोन जाडजूड फुटवे तेवढे डौलात उभे होते. काप मात्र नेहमीसारखा, तिरका आणि स्वच्छ.

"बाबा, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? फुटवे काढले. दहादा सांगितलं त्याला, जोडाखाली लक्ष ठेव म्हणून. तुझे साहेब घरी आले की दाखव."

मागच्या महिन्यात त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा ती हसली होती.

तिने काटेरी फांद्या गोळा केल्या. त्यांवर एकच डोळा धड होता. कलम बांधणारा हातही घरात आता एकच उरला होता. तिने चाकू पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, एवढा डोळा भरून द्या."

हात चुकला नाही. फुटव्याच्या सालीला चीर, डोळा आत, वरून पट्टी. चार मिनिटं लागली.

एकविसाव्या दिवशी तिने पट्टी सोडली. डोळा हिरवा होता. सासरे वाकले. जोडावरून त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"बसला गं पोराचा हात," ते म्हणाले. "आज येऊ दे, सांगतोच त्याला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. डोळा अजून फुटलेला नाही.