आवाजाचा कागद

“चार वाजेपर्यंत,” स्टुडिओचा मालक डर्क दारातूनच म्हणाला. “बाईनं सही केली तर तुझी पोर राहील. नाही केली, तर उद्या सकाळी दुसरी पोर येऊन गाईल आणि ही पुसायची.”

“पुसायची म्हणजे?”

“म्हणजे पुसायची, एलेनी. परवानगी नसलेला आवाज कंपनीला कुठेच ठेवायचा नाहीये. आणि प्रेमातच पडायचं तर जरा जिवंत माणसाच्या पड की!”

एलेनीनं मान वर केली नाही. गेले तीन आठवडे ती ॲडलेडच्या या स्टुडिओत एक जुनी जाहिरात पुन्हा दाखवता यावी म्हणून साफ करत होती. हॅरोबी बिस्किटं, १९७८. पंचेचाळीस सेकंद. सात वर्षांची मुलगी समुद्राच्या धक्क्यावर बसून सीगलना बिस्किटं वाटते आणि गाते: एक तुला, एक मला, उरलेलं कुणाला? पन्नाशीपुढच्या कुणाहीसमोर पहिले दोन शब्द म्हणावेत, पुढचे तो आपसूक म्हणतो.

मूळ टेप ओल धरून चिकट झाली होती. ओल सुकावी म्हणून एलेनीनं ती चोपन्न अंशांवर आठ तास भाजली, एकदाच वाजवून उतरवून घेतली आणि मग पियानो काढला, बासरी काढली, लाटा काढल्या. उरला नुसता आवाज. शेवटच्या ओळीआधी ती मुलगी श्वास घ्यायची, तालाच्या पाव सेकंद आधी. कुणीतरी मागून हाक मारेल अशी वाट पाहिल्यासारखा श्वास. अलीकडे तो एलेनीला ट्राममध्ये ऐकू यायचा. घरी किटली उकळायच्या क्षणभर आधीही.

बाई तीन वाजता आल्या. ग्लिनिस ट्रेझीज. जाहिरातीतला चेहरा.

“मी नाही म्हणायला आलेय,” त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. “फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून आले.”

“चहा तरी घ्या. मी तुमच्या चारही जाहिराती पाहिल्यात. पहिलीत तुम्ही कॅमेरा खाऊन टाकता. पुढच्या तिन्हींत मात्र…”

“बुजलेली दिसते. बहीण नुकतीच गेली होती ना.”

एलेनीला ते कागदपत्रांवरून ठाऊक होतं. मेरिल ट्रेझीज, आवाज. जाहिरातीनंतर चार महिन्यांनी बुडून मृत्यू.

“आम्ही जुळ्या,” ग्लिनिस म्हणाली. “रिबिनींचे रंग वेगळे, म्हणून शाळेतल्या बाईंना कळायचं. एकीला कॅमेरा आवडायचा, दुसरीला गाणं. त्यांनी एकीचा चेहरा घेतला, दुसरीचा आवाज. मग ती बुडाली. कंपनीला अजून तीन जाहिराती करायच्या होत्या. आई म्हणाली, चेहरा आहे ना? मग करू. गायला दुसरी कुणीतरी आणली.”

“लोक तुम्हाला गायला सांगत असतील.”

“लग्नात, बार्बेक्यूत, दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात बोळा असताना! मी म्हणायचे, बाबांनो, मी नुसता चेहरा. नवऱ्यानं बावीस वर्षं वाट पाहिली. मग त्याला एक गाणारी भेटली.”

एलेनी हसली. ग्लिनिसही हसली, पण आधी थांबून.

“सही करू नका,” एलेनी म्हणाली. “पण एकदा ऐका. नुसता तिचा आवाज. उद्या एक नवी मुलगी येऊन गाईल, मग हा नसेल.”

“नसेल म्हणजे? कुठेच?”

“कुठेच.”

ग्लिनिसनं पर्स बाजूला ठेवली. एलेनीनं तो लावला.

एक तुला, एक मला. खोलीत एक मूल येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. शेवटच्या ओळीआधी मुलीनं श्वास घेतला, आणि त्याच क्षणी ग्लिनिसनंही. पाव सेकंद आधी. एलेनीनं ते टिपलं आणि मनाशी कारणही लावून टाकलं: हजारदा ऐकलेलं गाणं, अंगात मुरणारच.

आवाज थांबला.

“पायाखाली दोन फोनबुकं ठेवली होती,” ग्लिनिस म्हणाली. “माइकला तोंड पुरत नव्हतं. काचेपलीकडून बहीण वेडावून दाखवत होती. हसू दाबलं, की श्वास असा चुकतो.”

“म्हणून तो तालाच्या आधी येतो होय! मी तीन आठवडे कारण शोधतेय.”

“आईला हा आवाज घरात चालायचा नाही. रेडिओवर लागला तर उठून बंद करायची आणि माझ्याकडे बघत राहायची. घरात कुणी गुणगुणायचं नाही. अंघोळ करतानासुद्धा नाही.” तिनं चष्मा काढला आणि पुसायचा विसरून तसाच हातात धरला. “जूनमध्ये आई गेली.”

घड्याळात चाराला दहा मिनिटं कमी होती. बाहेर डर्कच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

“ती नवी मुलगी चांगली गाते?”

“अचूक गाते,” एलेनी म्हणाली. “श्वास अगदी वेळेवर घेते.”

“आण तुझे कागद.”

या धंद्यात चेहऱ्याचा कागद वेगळा, आवाजाचा वेगळा. प्रत्येकावर सहीच्या दोन ओळी: वर ‘स्वतः’, खाली ‘हयात नसल्यास वारस’. एलेनीनं पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. चेहऱ्याच्या कागदावर वरच्या ओळीपाशी, आवाजाच्या कागदावर खालच्या.

ग्लिनिसनं आधी आवाजाचा कागद घेतला. पेन खुणेपाशी थांबलं नाही, वरच्या ओळीवर गेलं.

“तिथं नको, ग्लिनिस,” एलेनी घाईनं म्हणाली. “ती ओळ गाणारीची. ती जिवंत असेल तरच.”

“माहीत आहे, पोरी.”

सवय नसल्यासारखी एकेक अक्षर जुळवत तिनं त्या ओळीवर लिहिलं, मेरिल ट्रेझीज. मग चेहऱ्याचा कागद पुढे ओढला आणि ‘वारस’ या ओळीवर तेच नाव पुन्हा लिहिलं.