मी कट म्हणेपर्यंत

"मी कट म्हणेपर्यंत हलायचं नाही आणि लेन्समध्ये तर मुळीच बघायचं नाही," मी ताईला शंभरदा बजावलं होतं. आमच्या सिनेमाच्या वर्गातला पहिलाच स्वाध्याय होता: एक बाई खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघते. एवढंसं काम, तेही तिला जमेना.

"पुन्हा लेन्समध्ये बघितलंस!"

"डोळे फुटलेत का तुझे? मी खिडकीकडेच बघतेय," ती करवादली.

मी मॉनिटरवरून नजर उचलली. ताई खरंच खिडकीकडे बघत होती. मॉनिटरवरची ताई मात्र माझ्याकडे रोखून बघत होती.

"कॅमेरा नीट लाव ना, गाढवा!" मी कॅमेरा सांभाळणाऱ्या ढापण्यावर खेकसलो.

"कॅमेऱ्याला काय धाड भरलीय? आधी स्वतःचं डोकं तपासून घे." कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच चालू सोडून तो निघून गेला. त्याच्यामागोमाग ताईही उठली. "तुझा सिनेमा तुलाच लखलाभ," म्हणत तिने दार धाडकन आपटलं.

खोलीत मी एकटाच उरलो. समोर खुर्ची रिकामी होती.

मॉनिटरवर ताई अजून बसलेली होती.

कॅमेरा बंद करायला मी हात पुढे केला. तिने नकारार्थी मान हलवली. मग तिचे ओठ हलले आणि मॉनिटरमधून आवाज आला. तो माझा होता, तसाच खेकसणारा.

"मी कट म्हणेपर्यंत हलायचं नाही."

माझा हात हवेतच राहिला. काही केल्या खाली येईना.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले.