भोपळा कोणाला आवडतो

"साल राहू द्या, शिजली की मऊ होते," सासूबाई म्हणाल्या. "आणि फोडी जरा तोंडात मावतील एवढ्या करा हो. या काय घराच्या पायात भरायच्यात?"

जावई निमूटपणे फोडी लहान करू लागला. चष्म्याच्या दुकानात तिळाएवढे स्क्रू तो न बघता बसवायचा, पण भोपळ्यापुढे त्याने हात टेकले होते.

मुलगी होती तोवर सासूबाई मुलीकडे राहत होत्या. ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं. मग आता त्या नक्की कोणाकडे राहतात, याचं उत्तर दोघांनाही देता येत नव्हतं. म्हणून उद्या त्यांचा मुलगा त्यांना न्यायला येणार होता. 'राहा' असं जावयाला म्हणता आलं नव्हतं आणि 'राहू का?' असं सासूबाईंना विचारता आलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत त्यांची बॅग भरून उभी होती आणि ती कोणी पाहुणी असल्यासारखा दोघंही तिला वळसा घालून ये-जा करत होते.

निघण्याआधी जावयाला जगण्यापुरता स्वयंपाक शिकवायचा, असं मात्र त्यांनी ठरवलं होतं. डाळ काल झाली. भात त्याच्या आदल्या दिवशी झाला होता. त्याचं पातेलं अजून भिजत पडलं होतं.

"भोपळा मुद्दाम शेवटी ठेवला," त्या म्हणाल्या. "तुमच्या आवडीचा ना!"

जावई कसनुसं हसला. भोपळा त्याला मुळीच आवडत नव्हता. पण लग्न झाल्या झाल्या बायकोने बजावून ठेवलं होतं की आईला भोपळा जीव की प्राण, नाक मुरडलंस तर ती मनाला लावून घेईल. तेव्हापासून तो दर आठवड्याला भोपळा खात आला होता. वर सभ्यपणा म्हणून दुसऱ्यांदा मागूनही घ्यायचा.

तेल तापलं. जिरं तडतडलं. फोडी कढईत पडल्या, वर मीठ पडलं, झाकण बसलं.

"आता हात लावू नका. पुरुषांना झाकण उघडून बघायची फार हौस."

दोघं कढईकडे बघत बसून राहिले. बोलण्यासारखं बरंच होतं, त्यामुळे कोणीच बोललं नाही.

शेवटी सासूबाईंनी झाकण काढलं. "घ्या, चाखून बघा."

"तुम्हीच बघा, आई. मला कुठे काय कळतंय?"

"मी नाही."

"एक फोड फक्त." त्याने चमचा पुढे केला.

"अहो नको म्हटलं ना!" सासूबाईंनी तोंडच फिरवलं. "नाही आवडत मला भोपळा. जन्मात कधी आवडला नाही. लहानपणी ताटाखाली लपवायचे मी."

चमचा हवेतच राहिला.

"मग दर आठवड्याला करत होतात तो?"

"तुमच्यासाठी! तुम्ही जीव टाकता ना भोपळ्यावर?"

"मी?"

"नाही टाकत?"

"आई, मला त्याचा वाससुद्धा..." त्याने वाक्य गिळलं. वाक्य गिळायची सवय त्याला भोपळ्यानेच लावली होती.

"मग मागून मागून काय घेत होतात?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून. ही म्हणाली होती, आईला फार आवडतो."

"मला म्हणाली, ह्यांना फार आवडतो."

आणि दोघांनाही एकदमच ती दिसली. जेवण संपत आलं की कढई स्वतःकडे ओढायची, मोठा सुस्कारा सोडायची आणि म्हणायची, 'राहू द्या, उरलंय ते मी संपवते. टाकायचं कशाला?' तिच्या त्या त्यागाचं दोघांनाही फार कौतुक होतं.

"लबाड," सासूबाई म्हणाल्या. "लबाड कार्टी!"

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मग हसू थांबलं, पण खांदे तसेच हलत राहिले. जावयाने पाण्याचा ग्लास त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि काहीतरी करायला हवं म्हणून गॅस बंद केला. भोपळा छान शिजला होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

दिवसभर दुकानात तो गिऱ्हाइकांना विचारायचा, आता बरं दिसतंय की मघाशी? सासूबाईंना मात्र इतक्या वर्षांत त्याने काहीच विचारलं नव्हतं.

"आई, मग तुम्हाला आवडतं तरी काय?"

सासूबाईंना विचार करावा लागला. "बटाटा," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "नुसता उकडलेला. वर मीठ, मिरपूड आणि लोण्याचा एक गोळा. पण त्याला काय स्वयंपाक म्हणतात?"

"मलाही आवडतो."

सासूबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. एवढं मोठं कारस्थान नुकतंच उघडकीला आलेलं असताना कोणावर लगेच विश्वास टाकणं बरं नव्हतं.

"खरंच?"

"खरंच." तो घुटमळला. मग ओट्याकडे बघत म्हणाला, "पण मला तो उकडता येत नाही."

"काय, बटाटा?"

"बटाटा."

सासूबाई काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता. उद्या दुपारपर्यंत पोचतो, तयार राहा म्हणत होता.

"उद्या नको येऊस रे," त्या म्हणाल्या. "इथे शिकवायचं राहिलंय थोडं. अरे, बटाटे उकडायचे."

पलीकडचा आवाज जावयालाही स्वच्छ ऐकू आला. "बटाटे? ते शिकायला असे किती दिवस लागतात?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. तो फडक्याने कोरडा ओटा पुसत होता.

"ते माणसावर असतं," त्या म्हणाल्या. "आमचे जरा मंद आहेत."