लाल पिकअप

खेळाडू मिळवताना कॉलेजं करतात ते नियमभंग हुडकणं हीच वर्ना टिडवेलची नोकरी. अलाबामातल्या तिच्या कॉलेजला जवळजवळ मिळालेला शाळेतला एक फुटबॉलपटू नदीपलीकडच्या कॉलेजने ऐनवेळी पळवला, तेव्हापासून ती तिथल्या कोच स्टॅग्जच्या हात धुऊन मागे लागली होती. खेळाडूला भेटवस्तू द्यायला नियमाने बंदी, तरी पोराच्या आईच्या दारात त्याने नवीकोरी लाल पिकअप उभी केली होती. वर्नाने कुत्रा चावून घेतला, पण फोटो काढले. शोरूमचे कागद मिळवले, शेजाऱ्यांच्या साक्षी जमवल्या, तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी त्या कॉलेजने स्टॅग्जला हाकललं.

सोमवारी ती स्वतः केलेला पीचचा केक घेऊन आपल्या कॉलेजच्या क्रीडा विभागाचे डायरेक्टर हॅल्सी यांच्या केबिनमध्ये शिरली, तर समोर स्टॅग्ज बसलेला. डोक्यावर वर्नाच्याच कॉलेजची नारिंगी टोपी.

"आपले नवे कोच," हॅल्सी म्हणाले.

"सर, याला त्यांनी काढलाय!"

"काढला म्हणून तर मिळाला. तुझीच कृपा, वर्ना."

तिने केक टेबलावर आदळला. "आणि माझी फाईल? ती काय चुलीत घालू?"

"छे छे, मॅडम!" स्टॅग्ज टोपी काढून अदबीने उभा राहिला. "सगळी वाचली मी. इतकं बारीक काम आमच्याकडे कुणाला जमलंच नाही, म्हणून तर पकडलो गेलो." त्याने केकचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "आता तुम्हीच सांगा, पुढची पिकअप कुणाच्या नावावर घ्यायची?"