भाताला टाळ्या

कार्मेन माऊलीची शपथ, यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आजच गळून पडोत! रामिरोने विसेंतकाकांच्या चुलीतली पेटती लाकडं चिमट्याने बाहेर ओढली आणि सगळा जाळ विझवून टाकला. वर कढईत चाळीस माणसांचा भात. दुपारचा एक वाजलेला. वाळू अशी तापलेली की खेकडेसुद्धा चवड्यांवर चालत होते.

"अरे, हे काय केलंस!" विसेंतकाका ओरडले. "माझा जाळ कुठे गेला?"

"काका, पाच मिनिटं थांबा," रामिरो खुशीत म्हणाला. "निखारे होऊ देत. नुसता लालेलाल गालिचा अंथरतो बघा."

"गालिचा घाल तुझ्या घरी! माझ्या भाताची उकळी गेली!"

त्याचं तरी काय चुकलं? रामिरो अर्जेंटिनातल्या रोसारियोचा. तिकडे मांस भाजायला बसले की जाळाला जवळ फिरकू देत नाहीत. जाळ मरेपर्यंत वाट बघायची, निखारे पसरायचे, मग कामाला लागायचं. आमच्या किनाऱ्यावर उलटं. भात शिजवायचा तर सुरुवातीला जाळाने कढईच्या काठाला चाटलं पाहिजे. हे त्याला कोण सांगणार? इथे प्रत्येकाला वाटतं, हे आईच्या पोटातूनच शिकून येतात.

बायको नोएलिया, सात वर्षांची मुलगी मालेना आणि सासूबाई, एवढं बिऱ्हाड घेऊन तो स्पेनला येऊन तीन आठवडे झाले होते. चौदा दारं ठोठावली, चौदाही बंद. आज काकांच्या वाळूतल्या खाणावळीत एक दिवस काम करून दाखवायचं होतं. जमलं तर इथेच राहायचं, नाहीतर गुरुवारचं परतीचं विमान. तिघीजणी समोरच्या टेबलावर श्वास रोखून बसलेल्या. मालेनाने तर रविवार असून शाळेचं नवं दप्तर पाठीला लावलं होतं.

"माझ्या जावयाला सगळं येतं," सासूबाई म्हणाल्या, "नोकरी तेवढी मिळवता येत नाही."

"आई, तू गप्प बस गं," नोएलिया म्हणाली. तिने नखं कुरतडत कुरतडत कोपर गाठलं होतं.

काकांनी संत्र्याच्या सुक्या फांद्यांचा अख्खा भारा चुलीत कोंबला. जाळ असा उसळला की वरून जाणाऱ्या समुद्रपक्ष्याची शेपटी भाजली. भात वाचला. नोकरी काही वाचली नाही.

"एप्रन काढ," काका म्हणाले. "बायकापोरांबरोबर जेव आणि जा. माझ्या दारातून उपाशी कोणी जात नाही."

रामिरो टेबलाशी आला. सासूबाईंनी स्वतःची खुर्ची त्याला दिली, यावरून समजा.

आता आमच्या गावात भाताला चांगलं म्हणायची रीत नाही. रविवारी चाळीस माणसं जेवतात आणि चाळीस चुका काढतात. मीठ कमी आहे. भातातला ससा जून निघाला. मागच्या रविवारचा बरा होता. कोणी अगदीच भारावून गेला तर म्हणतो, "खाल्ला जातो." विसेंतकाका पन्नास वर्षं हेच ऐकत आले होते. त्या दिवशीही तेच चाललं होतं.

मालेनाने बुडाशी लागलेली खरपूस खरवड खाल्ली. बोटं चाटली. मग दप्तरासकट खुर्चीवर चढली आणि ओरडली, "आगीपाशी उभं राहणाऱ्याला टाळ्या!"

नोएलियाने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी वाजवल्या. रामिरोनेही वाजवल्या, काढलेला एप्रन काखेत धरून. रोसारियोत पानात जेवण पडलं की असंच करतात. नोकरी गेली म्हणून काय रीत सोडायची?

चाळीस चमचे हवेतच थांबले. काका उलथनं घेऊन तरातरा आले.

"माझी थट्टा करता?"

"थट्टा कसली?" मालेना म्हणाली. "आमच्याकडे बाबांना दर रविवारी मिळायच्या. तुम्हाला देत नाही कोणी?"

काकांचं उलथनं खाली आलं. चाळीस माणसं आपापल्या ताटात बघू लागली. तेवढ्यात अस्सुंप्ता उठली. तीस वर्षं मीठ कमी म्हणणारी, तीच! तिने चमचा खाली ठेवला आणि एक टाळी वाजवली. मग दुसरी. मग शेजारचं टेबल, मग पलीकडचं, मग पाण्यातले पोहणारे पोहायचं सोडून टाळ्या वाजवायला लागले, दोघेतिघे तर बुडता बुडता वाचले! बोटींनी भोंगे वाजवले. चर्चमध्ये फादरनी प्रवचन अर्ध्यावर टाकलं आणि घंटेचा दोर ओढला. पन्नास वर्षांच्या टाळ्या, सगळ्या एकदम!

इतक्यात वारा फिरला आणि चुलीचा धूर थेट काकांच्या डोळ्यांत गेला. डोळे लालबुंद, गालांवरून पाणी. बाहीने तोंड पुसून ते रामिरोवर खेकसले.

"बघतोस काय? घाल तो एप्रन! उद्या आठला ये, जाळ कसा करायचा ते मी शिकवतो. आणि रविवारी या पोरीला आणलं नाहीस तर तंगडी मोडीन!"

सासूबाईंनी जावयाचा मुका घेतला. दोघंही अजून ते नाकारतात, पण अख्ख्या किनाऱ्याने पाहिलंय.

तर हे असं, सगळं खरं. भोंगे खरे, घंटा खरी. शपथ घेऊन बसलेय म्हणून एकच कबूल करते, तो धूर गोष्टीत मी घातला. त्या दिवशी वारा पडलेला होता, आणि संत्र्याचं सुकं लाकूड कधी धुमसत नाही.